ओठाखालची चकती

त्या वस्तीत कुणाचं कुणाशी धड पटायचं नाही, पण आत्यानं 'उचला' म्हटलं की सगळे मुकाट उचलायचे, आणि 'असू दे' म्हटलं की पुलाच्या कामावरचा मुकादमसुद्धा पुढं केलेला हात मागं घ्यायचा. आत्या म्हणजे भिंगरीची आत्या, तिच्या बापाची थोरली बहीण. पण होता होता ती सगळ्या वस्तीचीच आत्या झाली होती, अगदी तिच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला सुतारही तिला आत्याच म्हणायचा. आणि हा मान कशामुळं, तर तिच्या तोंडाच्या चवीमुळं.

त्याचं असं होतं, की वस्तीच्या मागं जंगल होतं आणि जंगलात एक काटेरी वेल होता. त्याच्या मुळाशी माणसाच्या डोक्याएवढे कंद लागायचे. शिजवला की मऊ, पोटभरीचा, सकाळी चार फोडी खाल्ल्या तर संध्याकाळपर्यंत कुदळ चालवावी. अडचण एकच, कंद विषारी होता. तसाच खाल्ला तर आधी ओठ चुरचुरायचे, मग घसा धरायचा, मग उलट्या, मग हातपाय लटपटायचे, आणि त्याच्यापुढं काय होतं हे सांगायला कुणी परत आलं नव्हतं. म्हणून कंद उकडायचे, सोलायचे, त्याच्या पातळ चकत्या करायच्या, वेताच्या टोपल्यांत भरायच्या आणि टोपल्या ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडांखाली दाबून ठेवायच्या. पाणी विष घेऊन जायचं. पण किती दिवसांत, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. कधी तीन दिवस लागायचे, कधी सहा. कंद जुना की कोवळा, पाणी जोरात की संथ, सगळ्याचं गणित वेगळं. लवकर काढले तर विष, उशिरा काढले तर नुसता लगदा.

म्हणून आत्या. ती ओढ्यावर जायची, प्रत्येक टोपलीतली एक चकती घ्यायची, तिचा नखाएवढा तुकडा खालच्या ओठाच्या आत ठेवायची आणि पाण्याकडे बघत मनात शंभरपर्यंत मोजायची. शंभर होईपर्यंत ओठ चुरचुरला नाही तर 'उचला.' चुरचुरला तर 'असू दे.' तुकडा थुंकून टाकायचा, चूळ भरायची, पुढची टोपली. त्या दिवशी उठल्यापासून तोंडात पाण्याशिवाय काही घालायचं नाही, हा नियम. आणि शिजल्यावर पहिली वाटी चाखणारीनंच खायची, हा दुसरा नियम. जुन्या काळी म्हणे तिनं खाल्ल्यावर बाकीचे अर्धा दिवस थांबायचे. पण आत्या कधी चुकलीच नव्हती, त्यामुळं तो अर्धा दिवस झिजत झिजत एवढासा झाला होता. आत्याची वाटी संपेपर्यंत बाकीचे हात धुऊन ओळीनं बसलेले असायचे.

भिंगरी होती एकोणीस वर्षांची. तिला भिंगरी का म्हणतात ते तिला दोन मिनिटं पाहिलं की कळायचं, एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. आई-बाप कामाला बाहेरगावी, त्यामुळं लहानपणापासून ती आत्याकडेच. तिला फक्त एक गोष्ट हवी होती, आत्यानंतर चाखायचं काम. आणि गेल्या वर्षी आत्यानं तिला एकदा ती संधी दिलीही होती. सात टोपल्या. भिंगरीनं पहिला तुकडा ओठाखाली ठेवला, मागं सगळी वस्ती उभी, आणि दहा मोजायच्या आत तिचं तोंड चुरचुरायला लागलं. ती म्हणाली, असू दे. दुसऱ्या दिवशी परत असू दे. तिसऱ्या दिवशी टोपल्या उचलल्या तर आत नुसता पांढरा चिखल, आणि खालच्या डोहात मासे गोळा होऊन मेजवानी झोडत होते. कंद पहिल्याच दिवशी तयार होते, हे आत्यानं लगद्यावरून सांगितलं. झालं. सुतारानं त्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, माशांची आई. वर्षभर ती कुठंही गेली की कुणीतरी विचारायचं, काय माशांची आई, लेकरं जेवली का?

वर्षभर तिनं ते हसून ऐकलं आणि घरी येऊन भांडी आपटली. पण सोडलं नाही. आत्या चाखून गेली की मागं राहून तीही एक तुकडा ओठाखाली ठेवायची, मोजायची आणि आत्याच्या निकालाशी ताडून बघायची. कधी जुळायचं, कधी नाही. का जुळत नाही हे आत्याला विचारलं तर आत्या म्हणायची, येईल हळूहळू.

यंदा मात्र कंदांवर सगळ्यांचाच जीव टांगलेला होता. नदीवरचा पूल पाण्यानं नेला होता आणि त्याच्याबरोबर पलीकडून येणारं धान्यही गेलं होतं. दोन वस्त्यांची मिळून साठ माणसं नवा पूल बांधत होती. सालीचे दोर वळायचे, ओंडके ओढायचे, पाण्यात कमरेएवढं उभं राहायचं. एवढ्या माणसांना जेवायला घालायचं तर उरलेलं धान्य चार दिवसांचं. मुकादमानं आचाऱ्याला विचारलं, आचाऱ्यानं आत्याकडे बघितलं, आणि चोवीस टोपल्या ओढ्यात गेल्या.

चौथ्या दिवशी सकाळी आत्या उठली ती गालावरून रुमाल बांधूनच. भिंगरीनं विचारलं, काय झालं, तर म्हणाली वारं लागलं. बोलली ते पण असं, की 'वारं' ऐवजी 'वाडं' ऐकू आलं. भिंगरीला हसू आलं, पण आत्याच्या डोळ्यांकडे बघून तिनं ते गिळलं. अंगणाच्या कडेला दातदुखीचं झुडूप होतं, त्याला गोल पिवळी बोंडं यायची, दात ठणकला की चावायची. आज त्याला एक बोंड नव्हतं. भिंगरी मनात म्हणाली, शेळ्यांनी खाल्लं वाटतं, आणि आत्यामागं ओढ्याकडे पळाली.

ओढ्यावर मुकादम आधीच येऊन उभा होता. आचारी होता, सुतार होता, टोपल्या वाहायला दहा-बारा जण होते. धान्य काल संपलं होतं. आज मोठा ओंडका ओढायचा होता आणि उपाशी पोटी साठ माणसं ओंडका ओढणार नाहीत, हे मुकादमानं सकाळपासून तीनदा सांगून झालं होतं. आत्या पाठ करून पाण्यात वाकली. पहिला तुकडा. भिंगरी सवयीनं मनात मोजत होती. चाळीसला आत्यानं तुकडा थुंकला.

चाळीसला. भिंगरीला वाटलं आपलंच मोजायचं चुकलं. दुसऱ्या टोपलीला पस्तीस. चोवीस टोपल्या आत्यानं अशा उरकल्या की जणू मागं कुत्रं लागलंय, आणि हात झटकून म्हणाली, "उचला."

मुकादमाचा जीव भांड्यात पडला. लोक पाण्यात उतरले. भिंगरीनं नेहमीसारखा हळूच एक तुकडा उचलून ओठाखाली ठेवला. दहा, वीस, तीस, आणि तिसाला ओठाला बारीक मुंगी चावल्यासारखं झालं. चाळीसला चांगलंच चुरचुरलं. तिनं दुसऱ्या टोपलीतला घेतला. तेच.

आता तुम्हीच सांगा, तिनं काय करावं? गेल्या वर्षी अश्शीच चुरचुर झाली होती आणि ती खोटी निघाली होती. पण भिंगरीच ती, गप्प कशी बसेल. ती सरळ मुकादमासमोर गेली आणि म्हणाली की अजून तयार नाहीत, टोपल्या परत ठेवा.  सुतारानं खांद्यावरची टोपली सावरत शांतपणे विचारलं, "का गं, लेकरांना भूक लागली का?" आणि सगळा ओढा हसला. मुकादम हसला नाही, त्याला तेवढाही वेळ नव्हता. तो फक्त आत्याकडे वळून म्हणाला, काय म्हणतेय ही. आत्यानं भिंगरीकडे अशी नजर टाकली की भिंगरीच्या पायाखालचं पाणी गार झालं.

"मग माझं तोंड खोटं का?" आत्या म्हणाली. एवढंच. आणि चालायला लागली.

पण ती वळली तेव्हा भिंगरीला दिसलं. आत्याच्या खालच्या ओठाला दातांचा चावा बसला होता, चांगला खोल, आणि हनुवटीवर रक्ताचा ओघळ आला होता. भिंगरी धावत जवळ गेली, म्हणाली, आत्या, ओठ चावलास, रक्त येतंय. आत्यानं हात लावून बघितला, बोटावर रक्त बघून तिलाच नवल वाटलं. म्हणाली, कुठं काय, मला तर काही कळलं नाही.

कळलं नाही. भिंगरी जागच्या जागी उभी राहिली, जे ती आयुष्यात फार वेळा राहिली नव्हती. रुमाल, 'वाडं', आणि रिकामं झुडूप. शेळ्या कशाला खातील ती बोंडं, एक खाल्लं तर शेळी दिवसभर लाळ गाळत बसेल. ती बोंडं चावली की आधी तोंडाला झिणझिण्या येतात, मग दात, हिरडी, जीभ, ओठ, सगळं लाकूड होतं. आत्याचा दात ठणकत होता, बहुतेक कालपासूनच, आणि ती एकामागून एक बोंडं चावत होती. दातवाल्याकडे ती मेली तरी गेली नसती. बारा वर्षांपूर्वी बाजाराच्या गावी त्यानं तिचा किडका सोडून शेजारचा चांगला दात उपटला होता, आणि तेव्हापासून त्याच्या गल्लीतूनसुद्धा ती जायची नाही. हे सगळं ठीक. पण लाकूड झालेल्या ओठाखाली तिनं चोवीस तुकडे ठेवले होते. आणि आता पहिली वाटी तीच खाणार होती. चुरचुरलं तर थांबेल असं म्हणावं, तर चुरचुरणार काय, लाकूड?

ओरडून सांगावं, असं भिंगरीच्या ओठापर्यंत आलं. सगळे इथंच होते. पण मग काय होईल, तेही तिला दिसत होतं. सुतार त्याच्यावर वर्षभर पुरेल एवढा विनोद करेल, आत्याच्या शब्दावर परत कुणी टोपली उचलणार नाही, आणि आत्या कबूलही करणार नाही, मान ताठ ठेवून वाटी खाईल. तिचा स्वभाव भिंगरीइतका कुणाला माहीत. म्हणजे आत्याला आत्याच्याच तोंडानं पटायला हवं होतं.

ती पळाली. ओढ्यावरून घर, घरातून मागची पडवी. तिथं पुढच्या खेपेचे कंद काल संध्याकाळी उकडून सोलून ठेवले होते, ज्यांना अजून पाणी लागलंच नव्हतं. एक चकती तिनं मुठीत घेतली आणि तशीच परत पळाली. आचाऱ्याच्या चुलीपाशी पोचली तेव्हा मोठ्या हंड्यात पाणी उकळत होतं आणि पहिली टोपली काठावर टेकवलेली होती. आत्या बाजूला दगडावर बसली होती, पहिल्या वाटीची वाट बघत.

भिंगरीचा श्वास लागला होता. तरी तिनं होता होईल तेवढ्या साध्या आवाजात सांगितलं, की खालच्या वळणावरची एक टोपली राहिली होती, त्यातली ही चकती, एवढी बघून दे. आत्यानं कपाळाला आठी घातली, पण काम ते काम. तिनं तुकडा तोडून ओठाखाली ठेवला. भिंगरी तिच्यासमोर उकिडवी बसली आणि मनात मोजायला लागली. पाणी न लागलेला कंद दहाच्या आत माणसाला उभं करतो, डोळ्यांतून पाणी काढतो. दहा झाले. वीस झाले. आत्या हंड्याकडे बघत बसली होती. तिसाला भिंगरीला ते आणखी बघवेना.

"थुंक आत्या."

आत्यानं थुंकला. म्हणाली, हीसुद्धा झालीय, उचला.

भिंगरी अगदी हळू बोलली, चुलीचा आवाज होता म्हणून आचाऱ्याला ऐकू गेलं नाही. "ही टोपलीतली नाही. पडवीतली आहे. हिला अजून पाणी लागलेलं नाही."

आत्यानं आधी भिंगरीकडे पाहिलं, मग तिच्या मुठीतल्या उरलेल्या चकतीकडे. चकती सुकी होती, कडेला कालच्या सोलण्याची तांबूस धार. चाळीस वर्षं कंद हाताळलेल्या बाईला ते डोळ्यांनीही दिसलं असतं, तिनं डोळ्यांनी बघितलंच नव्हतं, एवढंच. तिनं पाण्यानं चूळ भरली, परत भरली, मग तिसऱ्यांदा भरली. आणि मग, भिंगरीला वाटलं होतं ती चिडेल, तर ती चिडली नाही. ती म्हणाली, मला वाटलं एकाच बोंडानं काही होत नाही. मग जरा थांबून म्हणाली, एक नव्हतं.

ती उठली आणि आचाऱ्याच्या हातातली टोपली काढून घेतली. सगळ्या परत ओढ्यात न्या, म्हणाली. आचाऱ्याला वाटलं चेष्टा. मुकादम तिकडून आला, त्याचा चेहरा लाल. त्यानं विचारलं की मघाशी उचला म्हणालीस, आता असू दे म्हणतेस, साठ माणसांना मी काय सांगू? 'रात्री पाणी कमी झालं होतं,' असं म्हणून वेळ मारून न्यायला आत्याला काय जड होतं? वस्तीनं ऐकून घेतलं असतं. भिंगरी मनात म्हणत होती, म्हण, एवढंच म्हण.

आत्यानं खिशात हात घातला आणि मूठ सगळ्यांसमोर उघडली. मुठीत सात-आठ पिवळी बोंडं.

"दात दुखतोय. कालपासून ही चावतेय. माझ्या तोंडाला काही कळत नाही, आणि तरी मी उचला म्हटलं. ही पोरगी खरं बोलत होती."

 सुतारानं खांद्यावरची टोपली एवढ्या काळजीनं खाली ठेवली, जशी काही तिच्यात अंडी आहेत.

मुकादमानं विचारलं, मग आता चाखणार कोण? आत्यानं नुसती मान भिंगरीकडे वळवली. मुकादम म्हणाला, हिनं गेल्या वर्षी सात टोपल्या माशांना घातल्या. आत्या म्हणाली, गेल्या वर्षी मी हिला अर्धंच शिकवलं होतं.

हे वाक्य भिंगरीनं मनात जपून ठेवलं, कारण आत्या थट्टा करत नव्हती.

पण आधी साठ पोटांचं बघायचं होतं. आत्यानं बायका-पुरुष न बघता वीस जणांना हाकलून जंगलात घातलं. खाजरा पाला, जो हाताला लागला तर माणूस नाचतो पण उकळला की निमूट होतो, तो पोती भरून आला. आंबट फळं आली, शेवटच्या पावसातली सुकी अळंबी कुणाकुणाच्या घरी होती ती आली. त्याचं पातळ कालवण झालं. सुतार दोन वाट्या प्यायला आणि म्हणाला की आता पोटाच्या आतून खाज सुटली तर खाजवायची कशी. लोक हसले, पण ओंडका त्या दिवशी निम्म्यातच थांबला. पाल्याच्या पाण्यावर तेवढंच होतं.

संध्याकाळी आत्यानं भिंगरीला पडवीत बसवलं. म्हणाली, तुला चुरचुरतं ते खरं की खोटं, कसं ओळखतेस? भिंगरी म्हणाली, ओळखता येत नाही, म्हणून तर विचारते सारखी. तेव्हा आत्यानं उरलेलं अर्धं सांगितलं. भीतीनंही तोंड चुरचुरतं, म्हणाली. मागं माणसं उभी असली की कुणाचंही चुरचुरेल, माझंही चुरचुरायचं. पण भीती सगळ्या तोंडभर पसरते. कंद जिथं टेकलाय तिथंच चावतो. म्हणून पन्नासला तुकडा डावीकडून उजवीकडे सरकवायचा. चुरचुर त्याच्यामागं गेली तर कंद. जागीच राहिली, नाहीतर सगळीकडे झाली, तर तू घाबरलीयस, बाकी काही नाही.

 एवढीशी गोष्ट. वर्षभर माशांची आई ऐकलं ते एवढ्याशा गोष्टीसाठी. भिंगरीनं विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?"

आत्या रुमालाची गाठ चाचपत राहिली. म्हणाली, तुला सांगितलं असतं तर मला कुणी विचारलं असतं का?

भिंगरीला खूप काही बोलायचं होतं, पण आत्याचा गाल आता भाकरीसारखा फुगला होता आणि तिच्या डोळ्यांत ठणक्याचं पाणी होतं. बोंडं तिनं ओढ्यात फेकून दिली होती. तेव्हा भिंगरी फक्त म्हणाली की ठीक आहे, मी चाखते, पण कंद झाले की तू माझ्याबरोबर दातवाल्याकडे यायचं. आत्या म्हणाली, तो परत भलताच उपटेल. भिंगरी म्हणाली, दुखऱ्या दाताला मी स्वतः दोरा बांधून देते, आणि तो चुकला तर त्याचा मी उपटते.

पाचव्या दिवशी सकाळी ओढ्यावर सगळे हजर. काल दहा-बारा होते, आज साठच्या साठ. भिंगरी पाण्यात उतरली. पहिला तुकडा ओठाखाली ठेवला आणि पाचलाच सगळं तोंड चुरचुरलं, हिरड्या, टाळू, सगळं. गेल्या वर्षीसारखंच. ती मोजत राहिली. पन्नासला जिभेनं तुकडा उजवीकडे ढकलला. चुरचुर होती तिथंच राहिली, सगळीकडे, आणि ऐंशीपर्यंत हळूहळू विरून गेली, जसं कुणी मागून निघून जावं. भीती होती ती. भिंगरीला पाण्यात उभ्या उभ्या हसू येणार होतं. पण नव्वदला, उजव्या बाजूला, अगदी तुकडा होता तेवढ्याच जागी, बारीक मुंगी चावली. तिनं तुकडा परत डावीकडे नेला. मुंगी डावीकडे आली.

दुसरी टोपली. तेच, पंच्याण्णवला. तिनं चोवीसच्या चोवीस बघितल्या, एकही शंभराच्या आत न थुंकता, आणि मागं मुकादमाचे बूट दगडावर वाजत होते ते ऐकत. सहा टोपल्या स्वच्छ होत्या, ज्या वरच्या जोराच्या धारेत होत्या त्या. बाकी अठरांत चुरचुर एवढीशी, पण होती.

ती वळली. साठ माणसं. काल पाल्याचं पाणी प्यालेली.

"ह्या सहा उचला. बाकीच्या असू दे."

मुकादम म्हणाला, आज उचलायलाच हव्यात. उद्यापर्यंत लगदा झाला तर? भिंगरी म्हणाली, झाला तर माझ्या डोक्यावर ओता. तो म्हणाला, तुझ्या डोक्यानं पूल होणार नाही. तो आत्याकडे बघायला लागला, सगळेच बघायला लागले, की ही काही बोलेल. आत्या काठावर बसली होती आणि पाण्याकडे बघत होती.  मग भिंगरीनं परत सांगितलं, त्याच आवाजात, की अठरा टोपल्यांना उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही, आणि ती अठरा टोपल्यांच्या मधल्या दगडावर जाऊन बसली. दुपारपर्यंत तिथंच बसली. भिंगरी. एका जागी. सुतार जाता-येता दोनदा मुद्दाम बघून गेला, खरंच बसलीय का.

सहा टोपल्यांचे कंद आचाऱ्यानं शिजवले. दुपारी चुलीपाशी पहिली वाटी भिंगरीपुढं आली, आणि मुकादमानं सांगितलं की आज हात धुण्याएवढं थांबायचं नाही. जुन्या नियमानं थांबायचं, अर्धा दिवस, चुलीजवळच्या खांबाची सावली समोरच्या पांढऱ्या दगडाला लागेपर्यंत. त्याचं चुकलं असं कुणी म्हणू शकलं नाही. भिंगरीनं वाटी खाल्ली. साधी चव, जरा पिठाळ, जरा ओढ्याची. मग तिनं रिकामी वाटी मांडीवर ठेवली आणि सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत सावलीकडे बघत बसली. लोक कामाला गेले, पण दर थोड्या वेळानं कुणीतरी काही ना काही विसरल्याच्या निमित्तानं येऊन तिचा रंग बघून जायचं. आचारी तर तिला दर दहा मिनिटांनी विचारायचा, बरी आहेस ना, आणि उत्तर ऐकून दोन पावलं मागं सरायचा.

सावली दगडापासून अजून चांगली दोन हात लांब होती, तेव्हा आत्या आली. एक गाल सुजलेला, रुमालातून अर्धाच चेहरा दिसणारा. तिनं हंड्यातून स्वतःच वाटी भरून घेतली आणि भिंगरीशेजारी बसकण मारली. आचारी धावत आला, आत्या, अजून वेळ व्हायचीय, मुकादमानं सांगितलंय. आत्यानं त्याच्याकडे बघितलंही नाही.

भिंगरी घाईघाईनं म्हणाली, "अगं थांब ना, सावली तरी लागू दे."

"सावली तुम्हाला," आत्या म्हणाली, आणि घास तोंडात घातला.

दुखरी बाजू सांभाळत, दुसऱ्या बाजूनं, हळूहळू चावत ती खात राहिली. आचाऱ्यानं एकदा सावलीकडे बघितलं, एकदा आत्याच्या वाटीकडे, आणि मग जाऊन हंड्याजवळच्या वाट्या ओळीनं मांडायला लागला. खालून नदीवरून ओंडका ओढणाऱ्यांचा आवाज येत होता. आत्यानं वाटी पुसून खाल्ली, तोंड धुतलं आणि मग खिशातून दोऱ्याचं रीळ काढून भिंगरीच्या मांडीवर टाकलं.

"घट्ट बांध," ती म्हणाली. "आणि नीट बघून बांध, वरचा दुसरा."